सिपोराबाईची दारफळणी

नरडाण्याच्या टेसनामागं, रुळांच्या पल्याड, पंचवीस-तीस घरांची वस्ती आहे. तिथं सिपोराबाई झिराडकर राहते. वय पंच्याहत्तरला टेकलेलं, अंगानं काटकुळी. पायात अजून नर्सबाईच्या पांढऱ्या चपला, आणि चालणं असं की ड्युटीला उशीर झालाय. वस्ती तिला अक्का म्हणते. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून काही घरं आणखी एक शब्द म्हणायला लागली होती. तो तोंडावर नाही, पाठीमागं. डाकीण.

आमच्याकडं हा शब्द हलका नाही. रागाच्या भरात बाई बाईला रांड म्हणते आणि संध्याकाळी तिच्याकडंच विरजण मागायला जाते. डाकीण म्हटल्यावर विरजण कोणी मागत नाही. ह्या एका शब्दापायी बायकांनी रातोरात गाव सोडलंय, आणि काहींना सोडायलाही मिळालेलं नाही. सिपोराबाईला हे माहीत होतं. पन्नास वर्षं खानदेशातल्या दवाखान्यात काढलेली बाई; असल्या बायकांची डोकी तिनं स्वतःच्या हातानं शिवली होती.

ती मूळची इकडची नव्हे. अलिबागेकडच्या खेड्यातली. तिच्या लोकांना तिकडं शनवार तेली म्हणायचे, कारण ते तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून गप बसायचे. ते स्वतःला बेने इस्राएल म्हणवतात. म्हणजे यहुदी. एकोणिसाव्या वर्षी ती धुळ्याकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला आली. पुढं रेल्वेतल्या बिन्यामीन झिराडकरशी लग्न झालं, आणि त्याच्या बदल्यांच्या मागं फिरत फिरत दोघं नरडाण्याला टेकली. नवरा गेला तेव्हा त्याला पुरायला ठाण्याला न्यावं लागलं, इकडं त्यांची मशानभूमी नाही. लेक इस्राएलात. शुक्रवारी फोनवर तोंड दाखवतो, "आई, ये इकडं," म्हणतो. बाई म्हणते, "तिकडं मला अहिराणी कोण ऐकवणार?"

तिच्या घरात पवित्र शास्त्र आहे, मराठीतलं, मिशनच्या छापखान्याचं, उशीएवढं जाड. ते तिच्या पणज्याला एका गोऱ्या पादऱ्यानं दिलेलं. तिच्या घरात सांगत आलेत ते असं, की फार मागं तिची माणसं आपलंच शास्त्र विसरून बसली होती. एक प्रार्थना तोंडपाठ, शनिवार पाळायचा, पोराची सुंता आठव्या दिवशी करायची, बाकी बठ्ठं, सगळंच, पूर्वजांचं जहाज फुटलं तेव्हा समुद्रात गेलेलं. मग पादरी आले. त्यांनी शाळा काढल्या, मोशेची पुस्तकं मराठीत हातात दिली, हिब्रू अक्षरंसुद्धा गिरवून घेतली. पादऱ्यांचा हिशेब सरळ होता: ही माणसं पहिला अर्धा भाग वाचतील, मग पुढचा वाचतील, मग आपल्यात येतील. माणसं शिकली, पादऱ्यांना दुवा देऊन आपापल्या घाण्याला गेली. सिपोराबाईच्या पणज्यानं तर त्या पुस्तकाचा पुढचा भाग, ज्यात येशूची हकीगत आहे तो नवा करार, सुईदोऱ्यानं शिवून टाकला. देणारा माणूस भला होता म्हणून फाडला नाही, आणि आपला नव्हता म्हणून वाचला नाही. दोरा अजून तसाच आहे.

तर अशी ही बाई. रविवारी मात्र वस्तीतल्या पत्र्याच्या प्रार्थनामंदिरात जाऊन मागच्या बाकावर बसायची. वस्तीतली दहा-बारा घरं ख्रिस्ती, बाकीची हिंदू, दोन मुसलमानांची. तिला कोणी बोलवलं नव्हतं आणि कोणी अडवलंही नव्हतं. "मोशेचं नाव निघतं अशी दुसरी जागा कुठंय इकडं?" म्हणायची. जुन्यातलं वाचन चाललं की ऐकायची, नव्यातलं सुरू झालं की पत्र्याचे खिळे मोजायची.

पोरं तिला छळायची. "अक्का, येशूले तुम्हनाच लोकेसनी मारं ना वं?"

"त्या दिवशी माझी ड्युटी होती. मला काय म्हाईत?"

"खरं सांगा ना!"

"मारलं रोमच्या शिपायांनी. आणि ज्याला मारलं तोसुद्धा आमच्यातलाच. आठव्या दिवशी सुंता झालेला, शनिवार पाळणारा."

"म्हंजे येशू तुम्हना गाववाला?"

"लांबचा," असं म्हणून ती पोरांच्या हातावर फुटाणे ठेवायची.

हे सगळं हितेंद्र मरायच्या आधीचं.

हितेंद्र म्हणजे भिकुबाईचा नातू, लीलाधरचा पोरगा. चार वर्षांचा. भिकुबाईचं घर सिपोराबाईच्या घरासमोर, मधे बैलगाडी जाईल एवढी गल्ली. श्रावणात पोराला ताप आला. सिपोराबाईनं पोट दाबून पाहिलं, अंगावरचे लाल ठिपके पाहिले आणि म्हणाली, "आत्ताच्या आत्ता धुळ्याला न्या. माझ्यानं होण्यातलं नाही हे." भिकुबाईचं घर प्रार्थनेला जाणारं, पण भीती माणसाला सगळ्या दारांशी नेते. त्यांनी आधी भगताला बोलावलं. भगतानं दीड दिवस खाल्ला. मग जीप केली तेव्हा सोबत नर्सबाई पाहिजे म्हणून सिपोराबाईला बसवलं, आणि सोनगीरच्या अलीकडं पोर तिच्या मांडीवर गेलं.

आता दीड दिवस कोणी खाल्ला हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते बोलायचं तर लीलाधरला बोलावं लागतं, भिकुबाईला बोलावं लागतं. भिकुबाई नळावर एवढंच म्हणाली, "हिन्या मांडीवर गया मन्हा नातू. हात लावा अन गया." मग कोणीतरी म्हणालं, ती शनिवारी चूल पेटवत नाही, म्हणजे काय करते? कोणीतरी म्हणालं, दाराच्या चौकटीला तिनं एक नळी ठोकलीय, त्यात कागद आहे, जाता-येता त्याला हात लावून बोटांचा मुका घेते. देवाचं वचन लिहिलेला कागद तो, वर्षानुवर्षं सगळ्यांनी पाहिलेलं होतं हे. पण आता त्याला वास यायला लागला.

सिपोराबाईनं पोरांना फुटाणे देणं बंद केलं. एखाद्या पोराचं पोट दुखलं तर? कोणी आजारी पोर घेऊन दाराशी आलं तर लांबूनच म्हणायची, "दवाखान्यात जा बापा, माझे डोळे गेले आता." डोळे धड होते. सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवायची. रात्री कडी लावायची, मग पाटा ओढून दाराला लावायची. बाहेर कुत्रं भुंकलं की उठून बसायची.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी पास्टर वना मालचे प्रवचनाला उभा राहिला. पोरगेला माणूस, मनाचा निर्मळ, तोंडाचा सैल. सिपोराबाईच्या शेजारचंच घर त्याचं. त्यानं त्या दिवशी नेमका शब्बाथाचा, म्हणजे पाळायच्या शनिवाराचा, उतारा घेतला. येशू सभास्थानात गेला, तिथं हात वाळलेला माणूस होता, आणि यहुदी टपून बसले होते की हा शनिवारी त्याला बरा करतो की काय. "त्या लोकांना नियम मोठा होता," वना म्हणाला, "माणूस लहान होता! माणूस मेला तरी चालेल, पण वार मोडायचा नाही!"

बाकावरची माणसं एकेक करून मागं वळून पाहायला लागली. वनाच्या ध्यानातही नव्हतं. सिपोराबाईला त्या माना दिसल्या. भिकुबाईची मान सगळ्यात शेवटी वळली आणि वळलेलीच राहिली. खिळे मोजता मोजता बाई आकडा विसरली.

मंगळवारी सकाळी तिच्या उंबऱ्यावर लिंबू सापडलं. त्यात टाचण्या, वर हळदकुंकू, खाली काळ्या कापडाची बाहुली. शेजारून वनाची बायको मोहिनी अंगण झाडत होती, ती ओरडली, "अक्का, हात नका लावू! कोन करं वं हाई?"

"टाचण्या नसत्या तर सरबत झालं असतं," सिपोराबाई म्हणाली, आणि फडक्यात गुंडाळून ते रुळाकडं टाकून आली. येताना तिच्या चपलेचा पट्टा दोनदा निसटला.

आणि त्याच आठवड्यात तिचा सण आला.

तिच्या लोकांचा एक दिवस असतो, दारफळणीचा. फळणं म्हणजे बंद करणं. आदल्या संध्याकाळी न्हायचं, पांढरं नेसायचं, दार लावायचं, आणि दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, परक्याशी बोलणं नाही. वर्षभराचं जे काही चुकलंय ते देवापुढं काढायचं. एरवी कोणाच्या ध्यानातही यायचं नाही. पण गेल्या साली दारफळणी आणि दसरा एकाच दिवशी आले. वर दोन ऑक्टोबरची सरकारी सुट्टी. गल्लीत झेंडूचे हार, आणि मधोमध एक दार बंद.

आदल्या संध्याकाळी रिक्षावाला खाजा तिच्यासाठी दूध घेऊन आला. तो तिची टर उडवल्याशिवाय जात नाही. "अक्का, आख्खं गाव उद्या श्रीखंड खाई अन तुम्ही दार लायीसन उपाशी? असा कसा देव शे तुम्हना?"

"तुझे रोजे मोजू का मी?"

"आम्हना संध्याकाये सुटस!"

"माझाही सुटतो. जा आता." मग तिनं मोहिनीला कुंपणावरून सांगितलं, दरवर्षी सांगायची तसं, "उद्या माझं दार बंद गं." मोहिनीनं मान हलवली. सिपोराबाईनं पांढरं पातळ नेसलं, कडी लावली, आणि पाटा ओढला.

खरं सांगायचं तर त्या वर्षी तिला दार लावताना बरं वाटलं. एक दिवस तरी कोणाचं तोंड बघायला नको.

दुसऱ्या दिवशी साडेबाराच्या सुमाराला दार वाजलं. आधी तळव्यानं, मग मुठीनं.

"अक्का! मी मोहिनी! माले मालूम शे आज तुम्हनं दार बंद शे. पन मन्ही एस्तेर... तिन्हा डोया फिरी गयात वं, हातपाय वाकडा व्हई राह्यनात!"

एस्तेर म्हणजे वनाची पोर, दोन वर्षांची. सकाळपासून अंग गरम होतं. वना धुळ्याला मंडळीच्या मेळाव्याला गेलेला, मोटरसायकल तो घेऊन गेलेला. गावातले दोन्ही डॉक्टर दसऱ्याला आपापल्या घरी. एकशेआठला फोन झाला होता, गाडी निघालीय म्हणाले होते.

सिपोराबाई खाटेवरून उठली. दाराशी आली. पाटा बाजूला केला. कडीला हात लावला, आणि थांबली.

आता इथं कोणी म्हणेल, तिच्या धर्मात त्या दिवशी दार उघडणं पाप, म्हणून ती थांबली. तसं नव्हतं. ती दहा वर्षांची असताना, ह्याच सणाच्या दिवशी, तिच्या गावात शेजारच्या कोळ्याला फुरसं चावलं होतं. तिच्या बापानं दार उघडलं, पांढऱ्या कपड्यानं धावत गेला, कोळ्याला बैलगाडीत घालून अलिबागेला नेलं, गाडीवाल्याशी पैशावरून भांडला, आणि रात्री परत आल्यावर म्हणाला, "जिवासाठी सगळे नियम मोडायचे. मोडायचे हाच नियम." जुन्या कराराचं तिला जे काही कळत होतं त्यात हे सगळ्यात पक्कं होतं. देव तिला अडवत नव्हता. देव तर त्या क्षणाला तिला कडी काढ म्हणून ओरडत होता.

ती भ्याली होती. पोर हातात घेतली आणि पोर गेली तर? हितेंद्र एक, ही दोन. समोर लीलाधरच्या ओट्यावर, प्रार्थनेला जाणारं घर असूनही जुन्या वळणानं, दसऱ्याची पूजा मांडलेली तिला फटीतून दिसत होती: कोयता, विळा, कुऱ्हाड, सगळ्यांना हळदकुंकू लावलेलं, पात्यांना झेंडू. ती बोलली नाही. आणि तिच्या मनात आलं, आज न बोलण्याला माझ्याकडं कारण आहे. आज मला कोणी विचारणार नाही.

मोहिनी गल्लीत धावली. ह्या दाराला, त्या दाराला. बाया जमल्या. कोणी कांदा फोडून आणला, कोणी चामड्याची चप्पल पोरीच्या नाकाला लावली. भिकुबाईचा आवाज आला, "तठे नको जाऊ वं! त्या दारले नको जाऊ!" मोहिनी फिरून पुन्हा त्याच दाराशी आली आणि उंबऱ्यावरच बसली. सिपोराबाईनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. पहिल्यांदा दार वाजल्याला चार मिनिटं झाली होती. आकडीत पोराची चार मिनिटं म्हणजे काय हे त्या गल्लीत एकट्या तिलाच माहीत होतं. फटीतून तिनं पाहिलं, कोणीतरी पोरीच्या दातात स्टीलचा चमचा घालत होतं, दात उघडायला, जोर लावून.

तिनं कडी काढली.

"चमचा काढ!" असं ती ओरडली की गल्ली मागं सरकली. पांढरं पातळ, मोकळे पांढरे केस, कालच्या संध्याकाळपासूनचं कोरडं तोंड. एक बाई पोराला छातीशी धरून पळालीच. सिपोराबाईनं पोर मोहिनीच्या मांडीवरून उचलली, आत खाटेवर कुशीवर घातली, तोंडातला फेस पदरानं पुसला, फ्रॉकच्या गुंड्या तोडल्या. "दाबून नको धरू. झटके येऊ दे. पाणी आण, साधं, माठातलं नको." ओल्या फडक्यानं काख, मांड्या, मान पुसत राहिली. एक मिनिट. दीड. मग पोरीच्या हाताची मूठ सैल झाली, अंग ढिलं पडलं, आणि ती निपचित झाली.

आकडी गेली की लेकरू असंच मेल्यासारखं झोपतं. नर्सला ते कळतं. गल्लीला कसं कळावं?

"मरी गयी!" भिकुबाई दारात उभी राहून ओरडली. "मरी गयी वं पोर! जिन्या मांडीवर मन्हा हितेंद्र गया, तिन्हाच हातमा दिन्ही तू? देखा, कशी धवयं लुगडं नेसीसन बठेल शे! तिले आधीच मालूम व्हतं!"

दार माणसांनी भरलं. खाटेवर उजेड येईना. सिपोराबाई म्हणाली, "झोपलीय. वारा येऊ द्या." कोणी हललं नाही. गर्दीला कोणी बोलवलेलं नसतं, पण एकदा झाली की तिला एक काम लागतं. सिपोराबाईला ते काम दिसत होतं. आपल्याच घरात, मागं भिंत, बाहेर जायला दुसरं दार नाही.

लीलाधर आत आला. ओट्यावरचं काही हातात घेतलेलं नव्हतं, पण बोटांना कुंकू होतं. मोठा, गप माणूस. हितेंद्र गेल्यापासून वस्तीशी चार शब्द बोलला नव्हता. त्यानं खाटेकडं पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "अक्का. ही पोर उठनी नही ते..."

सिपोराबाई म्हणाली, "लीलाधर, खाली बस. बोट दे."

"काबरं?"

"दे म्हणते ना!" पन्नास वर्षं वॉर्डात ज्या आवाजानं तिनं दारुड्यांना खाटेवर झोपवलं तो आवाज निघाला. लीलाधर बसला. तिनं त्याचं बोट धरलं आणि पोरीच्या नाकाखाली नेलं. "काय लागतं?"

"गरम," लीलाधर म्हणाला.

"मोज. मोठ्यानं मोज."

तो मोजायला लागला. एक, दोन, तीन. दारातली कुजबुज बंद झाली. माणूस आपल्या मेलेल्या पोराची खुनी म्हणून जिच्याकडं पाहत होता तिच्या खाटेशी बसून दुसऱ्याच्या पोराचे श्वास मोजत होता. साठाच्या पुढं गेला, शंभराच्या पुढं गेला, बोट काढीना. खाजा गर्दीत घुसला, "सरका रे, सरका! ए भिकुमाय, तोंड बंद ठेव जरासं, त्याले मोजू दे!" आणि त्यानं माणसं ढकलून दार मोकळं केलं.

आकडा दोनदा चुकून लीलाधर पुन्हा पहिल्यापासून मोजत होता तेव्हा एकशेआठ आली. पोरीला उचलताना तिनं डोळे उघडले, अनोळखी माणूस पाहिला आणि भोकांड पसरलं. लोक ते रडणं ऐकून पांगले, कोणी कोणाकडं न पाहता, जत्रेतला खेळ संपल्यासारखे. भिकुबाई जागची हलली नाही. लीलाधर तिला दंडाला धरून घेऊन गेला.

सिपोराबाईनं दार पुन्हा लावलं. तारे दिसेपर्यंत बसून राहिली. देवापुढं वर्षभराचं काढायचं असतं. तिच्याकडं काढायला दाराशी थांबलेली ती चार मिनिटंच होती.

पोर दुसऱ्या दिवशी घरी आली, खेळायला लागली. वना मालचे दोनदा येऊन अक्काच्या पाया पडून गेला. वस्तीत वारं फिरलं. नळावर बाया म्हणायला लागल्या, म्हातारी धरमाची बाई, पोरीसाठी सण मोडला. डाकीण हा शब्द तीन दिवस कोणी उच्चारला नाही. सिपोराबाई शनिवारी रात्री पाटा न लावता झोपली, श्रावणापासून पहिल्यांदा.

रविवारी वना प्रवचनाला उभा राहिला. डोळे भरलेले. "मागल्या रविवारी मी तुम्हाला शब्बाथाबद्दल सांगितलं," तो म्हणाला. "आणि देवानं ह्याच आठवड्यात आपल्याला दाखवलं. आपल्या अक्कांनी, जन्मानं यहुदी असून, येशूसारखं केलं! नियम सांगत होता दार बंद ठेव. त्यांनी नियम मोडला, प्रीती निवडली!"

पुन्हा सगळ्या माना मागं वळल्या. ह्या वेळी दात दिसत होते. एक बाई तर टाळ्या वाजवायला लागली. आता नुसतं बसून राहायचं, मान खाली घालायची, आणि जन्मभराचं रक्षण पदरात. सिपोराबाईला ते कळत होतं. दोन महिने ती ज्यासाठी देवाची करुणा भाकत होती ते पास्टरनं उचलून तिच्या मांडीवर ठेवलं होतं.

ती उठून उभी राहिली. तिथं ती कधी बोललेली नव्हती.

"वना, खाली बस बापा," ती म्हणाली. "असं नाहीये ते. आमचा नियम दार उघडच म्हणतो. जिवाला धोका असला की सगळं मोडायचं, हे माझ्या बापानं मला शिकवलं, त्याला त्याच्या बापानं. तुझा येशू त्या सभास्थानात भांडला ना, तो आमच्याच घरातला वाद होता. भांडणारा आमचा, ऐकणारेही आमचे. अर्ध्यांचं मत त्याच्यासारखंच असेल. त्याच्यासाठी तुम्ही आमच्या बापजाद्यांना दगडाचं काळीज म्हणू नका." तिनं बाकाची पाठ धरली. "मोहिनीनं दार वाजवलं तेव्हा मी जागी होते. दाराशीच उभी होते. चार मिनिटं मी कडी काढली नाही. देवानं अडवलं नाही. मी भ्याले. तुम्हाला भ्याले. पोर गेली असती तर तुम्ही मला डाकीण म्हणून मारलं असतं, म्हणून भ्याले. नियम मी मोडला तो त्या चार मिनिटांत. एवढंच."

पत्र्यावर कावळा चालला तो ऐकू आला. मोहिनीनं मांडीवरची एस्तेर घट्ट धरली आणि तिचं तोंड दुसरीकडं वळवलं. दात मिटले. पहिल्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणालं, "म्हंजे उभी व्हती दारशी?" आणि दुसऱ्यानं, "देखत व्हती?"

सिपोराबाई बाहेर पडली. प्रार्थना संपायच्या आधी. दुपारचं ऊन, रुळावर कोणी नाही, मालगाडी उभी. तिनं गल्लीकडचा रस्ता धरला आणि मागं पावलं वाजली. ती भरभर चालायला लागली, पावलं भरभर झाली. ती थांबली, पावलंही थांबली. वळून पाहायचा धीर होईना. खांद्यांच्या मधे कातडी आखडली होती, जणू तिथंच काहीतरी बसणार. दारापर्यंत ती तशीच आली. कुलपाला किल्ली लागेना.

"अक्का."

भिकुबाई होती. एकटी. धापा टाकत होती. हातात काही नव्हतं. पदराचं टोक मुठीत धरलेलं.

सिपोराबाईची पाठ दाराला.

"त्याले," भिकुबाई म्हणाली, आणि थांबली. "जीपमा. हितेंद्रले. लई तरास झाया व्हता का?"

सिपोराबाईला वाटलं, नाही म्हणावं. झोपेत गेला म्हणावं. पन्नास वर्षांत शेकडो आयांना तसं सांगितलं होतं. पण त्या सकाळी ती एक खरं बोलून आली होती, आणि दुसरं खोटं तोंडातून निघेना.

"झाला," ती म्हणाली. "थोडा वेळ. मग नाही झाला. तुझं नाव घेतलं त्यानं. आजी म्हणाला."

भिकुबाईनं मान हलवली. मग म्हणाली, "भगतले मी बलायं व्हतं. लीलाधर नही म्हने. मीच."

"माहीत आहे."

"मालूम शे, अन बोलनी नही?"

"कोणाला बोलणार?"

भिकुबाई वळली आणि समोरच्या आपल्या ओट्यावर जाऊन बसली. दारं समोरासमोर, म्हणून दोघींना एकमेकींचं तोंड दिसत राहिलं, जोपर्यंत सिपोराबाईनं किल्ली लावून आत पाऊल टाकलं नाही.

त्या दिवसापासून भिकुबाई तो शब्द म्हणत नाही. बाकीचे म्हणतात. चार मिनिटं दाराशी उभी होती हे आता त्यांच्याकडं नवीन आहे, ते नळावर पुरवून पुरवून वापरतात. सिपोराबाई रविवारी अजून जाते, त्याच बाकावर बसते. तिच्या शेजारी कोणी बसत नाही. रात्री ती पाटा ओढून लावते.

लेकाचा शुक्रवारी फोन येतो. "आई, तिकडं बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे," ती म्हणते, आणि बोलता बोलता दाराकडं बघत राहते.